नवरीच्या आरशातला उजेड

त्या वर्षी माझं आणि देवाचं बोलणं बंद होतं. तो माझ्याशी बोलत असेलही, मीच कान फिरवून बसले होते. रविवारी उपासनेला जायचे, पण ते सासूबाईंना सोबत म्हणून. सगळे डोळे मिटून प्रार्थना करायचे आणि मी मात्र डोळे टक्क उघडे ठेवून छपरातल्या चिमण्यांची भांडणं बघत बसायचे. आमचे हे मिशनच्या शाळेत मास्तर, सासरे हयातभर गावोगाव भजनं गात फिरलेले. अशा घरातल्या सुनेनं देवाशी अबोला धरावा हे काही शोभण्यासारखं नव्हतं. पण माझा स्वभाव पहिल्यापासून तापट, आणि कारणही तसंच होतं. ते कारण चार वर्षांचं होतं आणि माझ्या पदराला धरून घरभर फिरायचं.

करुणा, माझी मुलगी, जन्मली ती वरचा ओठ दुभंगलेला घेऊन. फट थेट नाकपुडीपर्यंत गेलेली. सुईणीनं तिला माझ्याऐवजी आधी सासूबाईंच्या हातात दिलं, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी चुकलंय. तिला अंगावर पिता येईना. कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब दूध पाजून मी तिला जगवलं, आणि खरं सांगते, ती जगली याचं श्रेय मी बोळ्याला द्यायला तयार होते, देवाला नाही. शेजारच्या बाया म्हणायच्या, ग्रहणात विळीवर बसली असशील. मी म्हणायचे, आम्ही ख्रिस्ती माणसं, आम्ही ग्रहण पाळत नाही. "म्हनूनच तर," असं म्हणून त्या मोकळ्या व्हायच्या. पोरं तिला ससा म्हणायची. हे सगळं मी सोसलं. पण एके दिवशी घरी पाहुणे आले असताना करुणानं आपण होऊन, कुणी न सांगता, माझ्या पदराचं टोक ओढून तोंडावर घेतलं. आपलं तोंड झाकण्यासारखं आहे हे एवढ्याशा लेकराला कळलं, त्या दिवसापासून माझी प्रार्थना बंद झाली.

दुसरी मोठी लढाई संपली त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या तोंडाला, एका रविवारी उपासनेच्या शेवटी पाळकसाहेबांनी एक गोष्ट जाहीर केली आणि मी चिमण्यांकडे बघायचं विसरले. बेलापूरच्या वाटेवर आमच्या मिशनचा छोटा दवाखाना होता. तिथे मद्रासकडचे एक मोठे डॉक्टर काही आठवडे येऊन राहणार होते. लढाईत त्यांनी सैनिकांचे फाटलेले चेहरे शिवले होते. आता ते गावोगावच्या धर्मादाय दवाखान्यांत जाऊन लहान मुलांचे दुभंगलेले ओठ आणि वाकडे पाय फुकट दुरुस्त करत होते, आणि जातील तिथल्या डॉक्टरांना, नर्सेसना ते काम शिकवून मगच पुढं सरकत होते. "दुभंगलेले ओठ" हे शब्द पाळकसाहेबांच्या तोंडून निघाले मात्र, मी जागची उठलेच. शेवटचा आशीर्वाद अजून व्हायचा होता. सासूबाईंनी लुगडं धरून मला खाली बसवलं, पण बसतंय कोण! घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागत नव्हते. त्या आठवड्यात मी काय काय म्हणून केलं नाही! लग्नातलं लुगडं फाडून करुणाला झगा शिवला, वाटेसाठी दशम्या केल्या, मद्रासकडच्या माणसाला मराठी समजत असेल का हे विचारून विचारून ह्यांना भंडावून सोडलं. ह्यांच्या शाळेची तपासणी तोंडावर आली होती, त्यामुळे गावातल्या एका गाडीतून मी, सासूबाई आणि करुणा अशा तिघीच निघालो.

दवाखान्याच्या आवारात जत्राच भरली होती. पारनेरकडच्या गाड्या, नेवाशाकडच्या गाड्या, तीन दगडांच्या चुली, वाळत घातलेली लुगडी आणि जिकडे बघावं तिकडे लेकरं. पायाला पांढरं प्लास्टर घातलेली मुलं बुडावर सरकत सरकत शर्यती लावत होती. मी एका धनगराच्या बाईशेजारी जाऊन टेकले. तिच्या तान्ह्या मुलीचा ओठ काही दिवसांपूर्वीच शिवला होता. नाकाखाली नुसती बारीक लालसर रेघ उरली होती, आणि ती मुलगी आईच्या अंगावर पीत होती. चुटूचुटू आवाज येत होता. त्या बाईनं माझ्याकडे बघितलं, पदराआडच्या करुणाकडे बघितलं आणि म्हणाली, "रडू नगं बाई, तुझ्याबी लेकीचं हुतंय." मी रडतेय हे मला तोवर कळलंच नव्हतं.

मग मी देवाशी बोलले. इतक्या दिवसांचा अबोला सोडताना माणसानं जरा नरमाईनं बोलावं, पण मी आपली अटीच घालत सुटले. मोठ्या डॉक्टरांच्याच हातून होऊ दे. सकाळी पहिल्या नंबरला होऊ दे, त्यांचे हात ताजेतवाने असताना. आणि सुमतीला लांब ठेव. सुमती म्हणजे त्या दवाखान्याची आमचीच डॉक्टरीण. नगरच्या मुलींच्या बोर्डिंगात ती माझ्यामागं दोन वर्षं होती. वेणी कायम सुटलेली, आणि पाल दिसली की बाकावर चढून किंचाळायची. ती डॉक्टरीण झाली याचं मला कौतुक होतं, पण माझ्या लेकीच्या तोंडाला सुई लावू देण्याइतकं नव्हतं. रोज संध्याकाळी मोठे डॉक्टर ओसरीवरच्या फळ्यावर खडूनं ओठ काढून शिकवायचे, आणि सुमती आणि तिच्या नर्सेस केळ्याच्या सालींवर टाके घालायच्या. शिवून झालेल्या साली आवारातल्या शेळ्या खाऊन टाकायच्या. मी ते बघत बसायचे आणि मनात म्हणायचे, कर बाई सराव, पण सालीवरच.

आमचा नंबर लागता लागता मोठ्या डॉक्टरांचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळच्या आगगाडीनं ते बेलापूर स्टेशनवरून पुढच्या दवाखान्याला निघणार होते. तिकडेही मुलं येऊन वाट बघत बसली होती. पण माझी अट देवानं मानली होती, करुणाचा नंबर सकाळी पहिला होता. आदल्या संध्याकाळपासून तिला काही खायला द्यायचं नाही असं सिस्टरनी बजावून सांगितलं होतं. सकाळी मी विहिरीवर तोंड धुवायला गेले आणि तेवढ्यात घोटाळा झाला. आमच्या सासूबाई पक्क्या ख्रिस्ती, पण चांगल्या कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही-साखर ठेवल्याशिवाय त्यांनी आजवर कुणाला उंबरा ओलांडू दिला नव्हता. मुलगा परीक्षेला निघाला तेव्हा, शाळेत रुजू व्हायला निघाला तेव्हा, प्रत्येक वेळी दही-साखर. करुणानं काही खायचं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण शकुनाचं दही हे त्यांच्या लेखी खाणं नव्हतंच मुळी. शेजारच्या गाडीवाल्यांकडून त्यांनी दही मागून आणलं, आणि उपाशी नातीकडे बघून त्यांचा हात जरा सैल सुटला. सिस्टर करुणाला न्यायला आल्या, खाली वाकल्या आणि तशाच थबकल्या. ज्या फटीसाठी आम्ही एवढ्या लांबून आलो होतो, त्या फटीतच पांढरं दही अडकलं होतं.

ईथरची गुंगी देताना पोट रिकामं नसेल तर ओकारी होते, ती श्वासनळीत जाते आणि मूल हातचं जातं, हे सिस्टरनी सासूबाईंना समजावून सांगितलं तेव्हा त्या जागच्या जागी बसल्या. "म्या बोटभरच दिलं गं," म्हणाल्या आणि लगेच, "न्हाई, खोटं कशाला बोलू, वाटीभर दिलं." मोठे डॉक्टर रागावले नाहीत. दही पोटातून उतरू द्या, सगळ्यांच्या शेवटी घेऊ, एवढंच म्हणाले. मी सासूबाईंना एक शब्दही बोलले नाही. जे मला ओळखतात त्यांना कळेल की ही काही लहान गोष्ट नव्हती.

बाकीची मुलं एकेक करून आत गेली, बाहेर आली. ऊन माथ्यावरून कललं. ऑपरेशनची खोली पूर्वेकडे तोंड करून बांधलेली होती आणि तिला चांगल्या मोठ्या खिडक्या होत्या, कारण दवाखान्यात वीज नव्हती आणि सगळं काम सकाळच्या उजेडावर चालायचं. दुपार उलटली की आत सावली पसरायची. कंदील किंवा गॅसबत्ती आत न्यायची सोय नव्हती. ईथरला ज्योत लागली की भडकाच. हातातली एक बॅटरी होती, पण तिचे सेल मरायला टेकलेले, आणि लढाईपासून बाजारात सेल औषधालाही मिळत नव्हते. मोठे डॉक्टर पुन्हा पुन्हा आत जाऊन आले, खिडकीशी आपला पंजा धरून बघितला. मग बाहेर येऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि खालच्या आवाजात काही बोलले. सुमतीनं ते मला मराठीत सांगितलं. एवढ्याशा उजेडात लेकराच्या तोंडावर सुरी धरायला ते तयार नव्हते. पुढच्या वर्षी येणं झालं, तर पहिली करुणाच.

येणं झालं तर! मी तडक आवारात गेले आणि उभ्या उभ्या देवाशी भांडले. मनातल्या मनात नव्हे, चांगली तोंडानं. धनगराची बाई चुलीपासून उठून बघायला लागली. मी म्हटलं, आम्ही तुझ्याकडं काय मागितलं होतं? शेत मागितलं? माडी मागितली? आता तर नुसता उजेड मागतेय. तो तुझ्याकडं मोप पडलाय. या उघड्या रानात तू दिवसभर ऊन ओततोस, ज्याला नको त्याच्या डोक्यावर ओततोस, आणि त्या एका खोलीत ओंजळभर टाकायला तुझा हात आखडतो? करुणा माझ्या पदरात तोंड घालून उभी होती. सकाळपासून सगळ्या मुलांना आत जाताना तिनं बघितलं होतं, आणि आता तिनं मला विचारलं, "माझं न्हाई?"

तेवढ्यात रस्त्यानं जाणारी एक बैलगाडी बैलांना पाणी पाजायला आमच्या विहिरीकडे वळली. गाडीत गोधडीत गुंडाळून दोरानं बांधलेली एक उंच वस्तू होती. लाल फेटा बांधलेला एक वयस्क शेतकरी पुढं चालत होता आणि त्याचा धाकटा भाऊ गाडी हाकत होता. वळणावर चाक दगडावरून गेलं, गोधडी सरकली आणि माझ्या डोळ्यांत एकदम सूर्यच घुसला. मी डोळे मिटून उघडते तो काय, उजेडाचा एक मोठा चौकोन ऑपरेशनच्या खोलीच्या भिंतीवरून पळत होता. भिंतीवरून खिडकीवर, खिडकीतून आत. क्षणभर सगळी खोली लख्ख झाली आणि गाडी पुढं सरकली तशी पुन्हा अंधारली. मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही, पण सासूबाई सांगतात की "थांबा! थांबा!" म्हणत मी बैलांच्या पुढ्यातच जाऊन उभी राहिले.

ते होतं आरशाचं कपाट. लेकीच्या लग्नात आंदण द्यायला त्या माणसानं पुण्याहून मागवलेलं, आणि स्टेशनवरून उतरवून तो ते आपल्या गावी घेऊन चालला होता. धापा टाकत मी त्याला सगळं सांगितलं. तो अवघडला. "बाई, जीव तुटतो बगा," तो म्हणाला, "पन आमच्या कारभारनीनं बजावलंय. नवरीनं बगितल्याबिगर दुसऱ्या कुनाचं त्वांड ह्या आरशात पडू द्यायचं न्हाई. लेकीच्या संसाराचा सवाल हाय." त्याचंही खरंच होतं की. तेव्हा मागून सासूबाई पुढं आल्या. सकाळपासून भिंतीशी बसून होत्या, पदरानं डोळे पुसून पुसून चेहरा लाल झाला होता. हात जोडून म्हणाल्या, "दादा, मानसाचं त्वांड न्हाई पडायचं. आमी समदी आरशाच्या मागं उभी ऱ्हातो. त्यात निस्ता सूर्यनारायन पडंल. त्यो पडला तर तुमच्या लेकीचं वाईट व्हईल का?"

त्या माणसानं सासूबाईंकडे बघितलं. मग खाली वाकून करुणाकडे बघितलं. तिनं सवयीनं पदर तोंडावर ओढला होता. त्यानं तो पदर बाजूला केला नाही. नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि भावाला म्हणाला, "सोड रं दोर."

मग एकच धांदल उडाली! कपाटाचं आरशाचं दार बिजागऱ्यांतून उतरवलं. जिथवर दवाखान्याची सावली पोचत नव्हती तिथे उन्हात ते उभं धरलं. मोठे डॉक्टर धावत बाहेर आले आणि काय चाललंय ते कळताच एखाद्या पोरासारखे हसले. उजेड थेट तोंडावर नको, पांढऱ्या छतावर आणि भिंतीवर टाका, म्हणजे खोलीभर सारखा पसरेल, असं त्यांनी हातवाऱ्यांनी दाखवलं. सगळं आवार गोळा झालं होतं. आणि त्या गर्दीत ते सुमतीशी काही बोलले. सुमती ऐकत राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला. "ताई," ती मला म्हणाली, "ते म्हणतात, हे ऑपरेशन मी करायचं. ते शेजारी उभे राहतील. टाके मलाच काढायचे आहेत, तर घालायचेही मीच. ते उद्या इथं नाहीत, मी आहे."

"नाही," असं माझ्या तोंडून निघून गेलं. एवढा उजेड समोर उभा राहिला आणि हातात सुरी कोण धरणार, तर पालीला भिणारी सुमती! सुमती रागावली नाही. "ताई, तुम्ही नाही म्हणालात तर मी समजेन," ती म्हणाली. "मलाही भीती वाटतेय." मी तिच्या हातांकडे बघितलं. औषधाच्या पाण्यात धुऊन धुऊन कातडी सोललेली, नखं बारीक कापलेली. इतके दिवस मी त्या हातांकडे नीट बघितलंच नव्हतं. आणि माझ्या मनात आलं, आत्ता घटकाभरापूर्वी मी उजेड मागत होते. तो असा रस्त्यावरून चालत आला, आणि मी अजून देवाला शिकवतेय की हात कुणाचे लाव! माझ्या आत काहीतरी सैल झालं. मी हरले असं मला वाटलं नाही. डोक्यावरचा भारा कुणीतरी उतरवून घ्यावा, तसं वाटलं. करुणाला उचलून मी सुमतीच्या हातात दिलं. "घे," म्हटलं, "आता तू जाण आणि तो जाणे."

दार लागलं. बाहेर शेतकरी, त्याचा भाऊ आणि सासूबाई आरशाच्या पाठीमागून तो धरून उभे होते. सिस्टर खिडकीतून सांगत होत्या, जरा वर, जरा डावीकडं. सूर्य सरकला की आरसा तसूभर सरकत होता. सासूबाई खाली बसून खालची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून होत्या. कुणी त्यांच्या जागी यायला बघितलं तर नुसती मान हलवत. आणि ते आवार! जिथे दिवसभर कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं, तिथे सगळे चूप. आरशापासून खिडकीपर्यंत लोकांनी आपोआप वाट मोकळी ठेवली होती. प्लास्टरवाली लेकरंसुद्धा आयांनी मागं ओढून धरली होती, कुणाची सावली आत पडू नये म्हणून. ओळखीची ना पाळखीची माणसं माझ्या लेकीसाठी श्वास रोखून उभी होती. मी ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. प्रार्थनेचा एक शब्दही मला सुचला नाही आणि भीतीही वाटेना. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी देवाकडे काही मागत नव्हते. तो जवळ होता. एवढं मी खात्रीनं सांगू शकते, पुढचं मला सांगता येत नाही.

दार उघडून सुमती बाहेर आली तेव्हा तिची वेणी सुटलेली होती. "झालं, ताई," ती म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. मोठे डॉक्टर मागून आले. दोन्ही हात त्यांनी पाठीमागं एकमेकांत गुंफून ठेवले होते. सिस्टर मला नंतर म्हणाल्या, शेवटपर्यंत त्यांनी ते सोडलेच नाहीत, सगळं सुमतीनंच केलं. सगळ्या आवारात आनंदाचा कल्लोळ झाला. मी आत धावले, करुणाचं पट्टी बांधलेलं तोंड बघितलं, तिच्या नाकाशी कान लावून श्वास ऐकला, आणि त्या शेतकऱ्याचे पाय धरायला बाहेर आले तर गाडी निघून गेली होती. लग्नाची घाई, त्यात उशीर झालेला. सासूबाईंनी त्याला आणि त्याच्या लेकीला तोंड भरून आशीर्वाद दिले, पण गाव विचारायचं राहूनच गेलं. पुढं किती तरी जणांकडे चौकशी केली, पत्ता लागला नाही.

आमच्यातले काही लोक म्हणतात, तो देवदूत होता. मी काही तसं म्हणत नाही. त्याचे बैल आमच्या विहिरीचं पाणी चांगलं ढोसून गेले. तो एका मुलीचा बाप होता आणि दुसऱ्या मुलीसाठी थांबला. माझ्या देवाला बाकी काही करायची गरजच पडली नाही. टाके सुमतीनंच काढले, एकेक करून, करुणाचे हात मला धरून ठेवायला लावून. पुढं त्या दवाखान्यात तिनं किती लेकरांचे ओठ शिवले आणि किती नर्सेसना शिकवलं याला गणती नाही, आणि माझ्यासारख्या हट्टी आया आल्या की ती त्यांना माझ्याकडे पाठवायची. मी त्यांना एवढंच सांगायचे, मागायचं ते रडून मागा, भांडून मागा, तो ऐकतो. पण द्यायला लागला की कशात घालून देतोय याची चिकित्सा करू नका. मी हे सांगते, पण मला स्वतःला ते रोज नव्यानं शिकावं लागतं.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका सकाळी मी चुलीपुढं भाकऱ्या भाजत होते. भाकरी उलटताना तव्याचा चटका बसला आणि मी "आई गं" म्हणून हात झटकला. करुणा अंगणातून पळत आली. तिनं माझं बोट दोन्ही हातांत धरलं, ओठांचा छोटासा चंबू केला आणि त्यावर फुंकर घातली. तिला कधी फुंकर घालता येत नव्हती. वारा त्या फटीतून नुसता निसटून जायचा. तिच्या लागण्या-खुपण्यावर मी आजवर ज्या फुंकरा घातल्या, त्या सगळ्या तिनं बघून ठेवल्या असणार. गार, गोल, पुरी फुंकर माझ्या बोटावर आली. "गेलं दुखायचं?" तिनं विचारलं. तव्यावरची भाकरी करपत होती, आणि माझे डोळे असे भरून आले होते की मला ती दिसतही नव्हती.

"नाही गं," मी म्हटलं. "अजून एकदा घाल."